नॅनो चांदी, नॅनो तांबं आणि पिकावरची बुरशी : कोल्हापुरात पहिला प्रयोग करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे विषय ठरायला लागले की "सरांनी नॅनो घ्यायला सांगितलंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. वनस्पतिशास्त्र असो, सूक्ष्मजीवशास्त्र असो की कृषी महाविद्यालयातला वनस्पती रोगशास्त्र विभाग, हा विषय सगळीकडे चालतो. वरवर तो सोपा वाटतो. पाल्याचा काढा करायचा, त्यात सिल्व्हर नायट्रेट ओतायचं, रंग तपकिरी झाला की बुरशीवर टाकायचं, बुरशी थांबली की प्रबंध बांधायला द्यायचा.

या वाटेनं गेल्यावर कळतं की कण बनवणं हा त्यातला सगळ्यांत हलका भाग आहे. बुरशी त्या कणांमुळेच थांबली, चांदीच्या मिठामुळे किंवा नुसत्या काढ्यामुळे थांबली नाही, हे दाखवायला खरा घाम गाळावा लागतो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमकं इथेच धरतात. म्हणून पुढे काही पायऱ्या चार ओळींत उरकल्यात आणि काहींवर पानभर लिहिलंय. तुम्ही विद्यार्थी नसून शेतकरी असाल आणि दुकानातली "नॅनो" बाटली बघून इथे आला असाल, तर थेट आठवी पायरी वाचा.

मुळात धातू कशाला?

धातूनं बुरशी मारणं जुनंच आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण द्राक्षाच्या केवडा रोगावर चालतं हे १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण, सांगली-तासगावच्या बागांत आजही फवारलं जातं. अडचण मात्रेची आहे. एक टक्का बोर्डोत, म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद घातल्यावर, लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम तांबं असतं आणि ते वर्षानुवर्षं मातीत साठत जातं. कण १ ते १०० नॅनोमीटरचा केला की तितक्याच वजनाच्या धातूचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आयन सावकाश सुटत राहतात, आणि कमी धातूत काम भागेल अशी आशा वाटते. चांदीचे आयन बुरशीच्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना चिकटतात, पेशीच्या पडद्याला इजा करतात आणि पेशीत ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. मारा एकाच जागी नसल्यानं बुरशीला प्रतिकार कमवणं अवघड जातं.

या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अबसार अहमद आणि मुरली शास्त्री यांच्या गटानं फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीकडूनच चांदीचे नॅनो कण पेशीबाहेर बनवून घेतले आणि २००३ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानं २००९ मध्ये बुरशीनं बनवलेले चांदीचे कण रोगकारक बुरशींवर तपासले. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्रात वेड एल्मर आणि जेसन व्हाइट यांनी वेगळीच दिशा धरली. मररोगाच्या मातीत लावलेल्या टोमॅटो-वांग्याच्या रोपांवर त्यांनी कॉपर ऑक्साइडचे नॅनो कण फवारले आणि रोपाला तांबं अन्न म्हणून पुरवून त्याची स्वतःची ताकद वाढवण्यावर भर दिला. मला विचाराल तर शेतीच्या दृष्टीनं हीच वाट जास्त आशेची वाटते. चांदीचे प्रबंध मात्र ढीगभर होतात, कारण तिचा रंग लगेच दिसतो.

हाताशी काय लागेल

विभागात बहुधा असतंच: ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबानं निर्जंतुक करणारं भांडं), लॅमिनार (गाळलेल्या हवेचं निर्जंतुक कपाट), बीओडी इनक्युबेटर (ठरावीक तापमानाची पेटी), ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, मॅग्नेटिक स्टरर, ५ मिलिमीटरचा कॉर्क बोअरर, ९० मिलिमीटरच्या पेट्री प्लेट, मायक्रोपिपेट. किमान १०,००० आरपीएमचं सेंट्रिफ्यूज कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा. विभागात नसेल तर शेजारच्या विभागाच्या पाया पडावं लागतं.

रसायनं एआर ग्रेडची, म्हणजे प्रयोगशाळेच्या शुद्धतेचीच घ्या. सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, आणि विभागातून कोटेशन मागवून खरेदी व्हायला वेळ जातो, म्हणून विषय ठरताच मागणी टाका. कोल्हापुरात हमखास मिळणारा एक सल्ला: "हुपरी जवळ आहे, चांदी आण आणि नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळव." हे करू नका. दागिन्याच्या चांदीत तांबं मिसळलेलं असतं, आणि विरघळवताना नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी विषारी धूर निघतो. शिवाय प्रबंधात शुद्धतेच्या रकान्यात काय लिहिणार?

कागदपत्रं:
- मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र आणि विद्यार्थी ओळखपत्र. शिवाजी विद्यापीठातल्या सामाईक उपकरण केंद्रात किंवा दुसरीकडे कुठेही नमुना देताना हे लागतंच.
- प्रत्येक उपकरणासाठी वेगळा मागणी अर्ज. नमुना पूड आहे की द्रव, कशात विरघळलाय, विषारी आहे का, हे त्यात भरायचं असतं.
- नमुन्याची नोंदवही. गाव, तालुका, पीक, वाण, पिकाचं वय, तारीख, शेतकऱ्याची परवानगी. मोबाइलवर फोटो काढताना जागेची नोंद चालू ठेवा.
- सिल्व्हर नायट्रेटचं सुरक्षा पत्रक. एक प्रत प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवा.

पायरी १ : रोग निवडा, पण ती बुरशी प्लेटमध्ये वाढते का ते आधी बघा

बरेच विषय इथेच फसतात. आपल्या पट्ट्यात सोयाबीनचा तांबेरा जोरात येतो, म्हणून "सोयाबीन तांबेऱ्यावर नॅनो चांदी" असा विषय कुणीतरी लिहून मोकळं होतं. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानावरच जगते. बटाट्याच्या माध्यमावर, म्हणजे पीडीएवर, ती वाढतच नाही. भुरी आणि केवडा यांचीही तीच गत. त्यांच्यावर काम करायचं तर काचपट्टीवर बीजाणू उगवण्याची चाचणी किंवा तोडलेल्या पानावरची चाचणी करावी लागते, आणि ते नवख्याचं काम नाही.

दुसरी अडचण, रोग बुरशीचाच आहे का? उसाची गवताळ वाढ फायटोप्लाझ्मामुळे होते, तिच्यावर बुरशीनाशकाचा काही संबंध नाही. आल्याच्या कंदकुजीत बऱ्याचदा पिथियम निघतं. ते बुरशीसारखं दिसत असलं तरी खऱ्या बुरशीच्या कुळातलं नाही, त्याच्या पेशीभित्तीचं बांधकाम वेगळं असतं. त्यावर काम जरूर करा, फक्त प्रबंधात ते बुरशी म्हणून खपवू नका आणि तुलनेला कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक घेऊ नका. ते पिथियमवर चालत नाही, मेटॅलॅक्झिल घ्या.

पहिल्या प्रयोगाला सोयीच्या बुरशी या:

भुईमूग-सोयाबीनच्या खोडकुजीचं स्क्लेरोशियम रॉल्फ्सी. मातीलगत खोडावर पांढरा कापूस आणि त्यात मोहरीच्या दाण्यांसारखे तपकिरी गोळे दिसले की ओळख पटलीच. प्लेट तीन-चार दिवसांत भरते.

गडहिंग्लज भागात मिरची मुबलक. पिकलेल्या फळावर खोलगट, वलयांचे काळे डाग पडतात, ते कोलेटोट्रायकम. वाढ सावकाश, पण देखणी.

उसाचा पोक्का बोइंग. पावसाळ्यात पोंग्याची पानं मुरगळतात, तळाशी पिवळी पडतात. फ्युजॅरियम निघतं. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, कुठेही उसाच्या फडात शिरा, ऊस कारखान्याला जायच्या आत.

पायरी २ : नमुना आणि शुद्ध कल्चर

सकाळी लवकर जा आणि नमुना कागदी पिशवीत घ्या. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो आणि संध्याकाळपर्यंत जिवाणूंचा चिखल होतो. निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा बारीक तुकडा कापा, एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवा, निर्जंतुक पाण्यानं तीनदा धुवा, टिपकागदावर कोरडा करून पीडीएवर ठेवा. पीडीएचं माप लिटरला २०० ग्रॅम बटाटा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, १५ ते २० ग्रॅम अगार. १२१ अंश सेल्सिअसला १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटं.

जुलै-ऑगस्टमधल्या इथल्या हवेत प्लेट उघडली की हिरवी बुरशी बसलीच म्हणून समजा. भिंतींना ओल, ॲप्रन अर्धवट वाळलेले, त्यात वीज गेली की लॅमिनार बंद. शक्य असेल तर शुद्धीकरणाचं काम पाऊस ओसरल्यावर करा, नाहीतर प्लेट दुप्पट ओतून ठेवा.

कल्चर शुद्ध झालं की ते निरोगी रोपावर टोचून तोच रोग परत येतो का आणि त्यातून तीच बुरशी परत मिळते का ते बघा. कॉखच्या या कसोट्या कंटाळवाण्या आहेत म्हणून बरेच जण गाळतात. मग हातात असते ती रोगट पानावर नुसती बसलेली भलतीच बुरशी. नाव पक्कं करायला पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहाकडे कल्चर पाठवता येतं. उसाच्या रोगांसाठी लाइन बाजारातल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातल्या जाणकारांना एकदा नमुना दाखवा. पानं बघून ते जे सांगतील ते पुस्तकात शोधायला आठवडा जाईल.

पायरी ३ : धातू ठरवा

चांदी बनवायला सोपी, रंग झटकन दिसतो, कमी मात्रेत काम करते. पण महाग, आणि पिकाला तिचा काही उपयोग नाही.

तांबं स्वस्त आणि पिकाला सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून लागतंच. मात्र शुद्ध तांब्याचे कण हवेत लगेच ऑक्सिडाइझ होतात, कालची लालसर बाटली आज काळपट. म्हणून नवख्यानं सरळ कॉपर ऑक्साइड करावं: तांब्याच्या मिठात सोडियम हायड्रॉक्साइड, निळा साका, तापवला की काळा.

जस्ताचं ऑक्साइडही सोपं आहे. झिंक ॲसिटेट आणि सोडियम हायड्रॉक्साइडपासून पांढरा साका येतो, धुऊन वाळवून भट्टीत ४०० अंशांच्या आसपास भाजायचा.

पुढचं उदाहरण चांदीचं देतोय, कारण दहातले आठ जण तीच घेणार. हिशोबाची पद्धत मात्र तिन्ही धातूंना सारखीच.

पायरी ४ : द्रावण आणि काढा

आधी पाण्याचं बघा. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्या, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका आणि नळी काळ्या कागदासमोर धरा. थेंब पडतो तिथून पांढुरकं धुकं खाली उतरतं. ते सिल्व्हर क्लोराइड, म्हणजे तुमची चांदी वाया चालली. आता डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमधून घेऊन तेच करा. इथेही धुकं दिसलं तर विभागाचा डिस्टिलेशन प्लांट धुवायला सांगा. काचेची भांडीही शेवटी डिस्टिल्ड पाण्यानंच विसळायची.

१ मिलिमोलर द्रावणाला १०० मिलीत १७ मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागतं. एवढं कमी वजन करताना चूक होते, म्हणून १७० मिलिग्रॅम १०० मिलीत विरघळवून १० मिलिमोलरचा साठा करा आणि त्यातून पातळ करा. तपकिरी बाटली, अंधारी जागा, हातात मोजे. बोटाला लागलं तर तेव्हा काहीच दिसत नाही, उन्हात गेल्यावर काळा डाग उमटतो आणि कातडी बदलेपर्यंत जात नाही. डोळ्याला चष्मा लावाच.

काढ्याला तुळस, कडुनिंब, निरगुडी, अडुळसा, काहीही चालतं. १० ग्रॅम धुतलेला पाला, १०० मिली डिस्टिल्ड पाणी, १० ते १५ मिनिटं उकळी, मग व्हॉटमन १ नंबर कागदातून गाळा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांवर ठेवू नका. पाला एकाच झाडाचा, एकाच वेळी तोडून, सावलीत वाळवून ठेवलात तर पुढे वर्षभर एकसारखा काढा निघतो. पावसाळ्यातला आणि एप्रिलमधला पाला सारखा नसतो, कणही सारखे येत नाहीत.

९० मिली १ मिलिमोलर द्रावणात १० मिली काढा, स्टररवर, थेंबथेंब. तापमान आणि सामू (पीएच) लिहून ठेवा. गच्चीवर उन्हात ठेवलं की रंग पटापट येतो हे खरं आहे, पण तसे कण पुन्हा तसेच बनवता येत नाहीत, कारण ऊन रोज वेगळं. वॉटर बाथ ६० अंशांवर लावा. सामू वाढवायला सोडियम हायड्रॉक्साइड घालताना जपून, जास्त झालं की सिल्व्हर ऑक्साइडचा तपकिरी साका पडतो आणि माणूस आनंदानं नाचायला लागतो की "झालं नॅनो!"

एक धोक्याची सूचना: सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया एकत्र करून साठवू नका. काही काळानं त्यातून स्फोटक संयुग तयार होतं.

पायरी ५ : नॅनो झालं का?

तपकिरी रंग हा पुरावा नाही. नुसता काढाही हवेत उभा राहून तपकिरी होतो. म्हणून तीन बाटल्या शेजारी ठेवा: नुसता काढा, नुसतं सिल्व्हर नायट्रेट, आणि दोन्हीचं मिश्रण. तिन्हींचा यूव्ही-व्हिज आलेख घ्या, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते बघा. चांदीच्या कणांचा डोंगर ४०० ते ४५० नॅनोमीटरदरम्यान दिसतो. तो पसरट आणि उजवीकडे सरकलेला असेल तर कण मोठे आहेत किंवा गोळा झालेत. झिंक ऑक्साइडचा ३७० च्या आसपास असतो.

मग सेंट्रिफ्यूज. १०,००० ते १५,००० आरपीएम, १५-२० मिनिटं, वरचं पाणी वेगळ्या बाटलीत काढा. ते फेकू नका, सातव्या पायरीत सोन्याच्या मोलाचं आहे. गाळ डिस्टिल्ड पाण्यानं दोन-तीनदा धुवा.

एक्सआरडीमध्ये, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या तपासणीत, चांदीच्या रेषा ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांजवळ येतात. २७.८, ३२.२ आणि ४६.२ ला ठळक रेषा दिसल्या तर ते सिल्व्हर क्लोराइड. पाल्यातच क्लोराइड असतं, त्यामुळे हे सर्रास होतं. बऱ्याच छापील आलेखांत त्या रेषांवर "सेंद्रिय पदार्थ" असं लिहून पुढे गेलेलं दिसतं. तुम्ही तसं करू नका. क्लोराइड आहे तर आहे म्हणा.

आकारासाठी टीईएम, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, सर्वांत भरवशाचं. डीएलएसमध्ये, म्हणजे द्रवातल्या कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून मोजताना, आकार नेहमी मोठा येतो, कारण ते कणाभोवतीचं आवरण आणि पाण्याचा थरही धरून मोजतं. दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून घाबरू नका. झीटा पोटेन्शियल, म्हणजे कणांवरच्या विद्युतभाराचं माप, अधिक किंवा उणे ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर द्रावण टिकेल असं ढोबळमानानं धरतात. एफटीआयआर या अवरक्त किरणांच्या तपासणीवरून कणांवर कोणते रासायनिक गट बसलेत याचा अंदाज येतो, त्यापेक्षा जास्त काही सिद्ध होत नाही.

विद्यापीठातल्या उपकरणांना नंबर लागतात. वर्षाअखेरीला सगळे एकदम धावतात, तेव्हा दिवाळीआधीच नमुने देऊन टाका. इथे नसलेलं उपकरण देशात कुठे आहे ते आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर सापडतं.

पायरी ६ : पीपीएमचा हिशोब

ही पायरी नीट केली तर अर्धा प्रबंध सुटला. पीपीएम म्हणजे इथे लिटरला तितके मिलिग्रॅम. "आम्ही १०० पीपीएम नॅनो वापरलं" असं लिहिलेलं असतं, पण १०० पीपीएम कशाचं? चांदीचं, सिल्व्हर नायट्रेटचं, की काढ्यासकट वाळवलेल्या पुडीचं?

सिल्व्हर नायट्रेटच्या वजनात चांदी ६३.५ टक्के. १ मिलिमोलर द्रावणात लिटरला १०८ मिलिग्रॅम चांदी. ९० मिलीत १० मिली काढा घातल्यावर ती ९७ पीपीएम झाली, तीही सगळी चांदी कणांत उतरली असं धरलं तर. ती कधीच सगळी उतरत नाही. म्हणून धुतलेल्या कणांचा थोडा भाग नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवून ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर चांदी मोजून घ्या. ते जमलं नाही तर निदान प्रबंधात "सुरुवातीला घातलेल्या चांदीच्या हिशोबानं" असं स्पष्ट लिहा.

आता माध्यमात मिसळायचं. सर्रास होणारी चूक अशी: ५० मिली पीडीएत ५० मिली नॅनो द्रावण ओतलं, अगार आणि साखर दोन्ही निम्म्यावर आले. अर्धपोटी बुरशी हळू वाढली आणि श्रेय नॅनोला गेलं. यावर उपाय: १०० मिलीला लागणारा बटाट्याचा अर्क, डेक्स्ट्रोज, अगार हे सगळं ७५ मिलीत शिजवा. उरलेले २५ मिली प्रत्येक फ्लास्कमध्ये वरून घाला. समजा, तुमचं मोजलेलं नॅनो द्रावण २०० पीपीएमचं आहे. मग १० पीपीएमला ५ मिली नॅनो आणि २० मिली पाणी, २५ पीपीएमला १२.५ आणि १२.५, ५० पीपीएमला २५ मिली नॅनो. कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीच्या बिनऔषधी प्लेटला, २५ मिली नुसतं निर्जंतुक पाणी.

नॅनो ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, कण गोळा होतात. माध्यम ४५ ते ५० अंशांवर आलं की घाला, हलक्या हातानं फिरवा, लगेच ओता.

पायरी ७ : प्लेटमधली चाचणी

पद्धतीचं नाव विषाक्त अन्न तंत्र. ताज्या कल्चरच्या कडेवरून ५ मिलिमीटरची चकती काढून प्लेटच्या मधोमध उलटी ठेवायची, २५ ते २८ अंशांवर ठेवायचं, दोन दिशांनी व्यास मोजायचा. व्हिन्सेंटचं १९४७ चं सूत्र वापरतात: कंट्रोलच्या वाढीतून प्रयोगातली वाढ वजा करा, कंट्रोलच्या वाढीनं भागा, १०० नं गुणा. चकतीचे ५ मिलिमीटर दोन्हींतून आधी वजा करायचे.

सगळा जीव आहे तो कंट्रोलमध्ये. माझ्या मते किमान एवढे आठ गट हवेत:

- नुसतं पीडीए आणि पाणी
- काढा, नॅनोत जितका होता तितकाच
- सिल्व्हर नायट्रेट, चांदी २५ पीपीएम होईल इतकं (१० मिलिमोलर साठ्यातून १०० मिलीला सुमारे २.३ मिली)
- नॅनो १०, २५ आणि ५० पीपीएम
- सेंट्रिफ्यूजनंतर वरचं उरलेलं पाणी
- बाजारातलं नोंदणीकृत बुरशीनाशक, लेबलच्या मात्रेत

तिसरा आणि सातवा गट बहुतेक प्रबंधांत नसतो. सिल्व्हर नायट्रेटनंही तितकीच बुरशी थांबली तर नॅनोचं वेगळेपण प्लेटमध्ये दिसलं नाही, एवढंच त्यातून निघतं. तोही निकालच आहे, लपवायचं कारण नाही. वरच्या पाण्यानं बुरशी थांबली तर सुटे आयन किंवा काढा काम करतोय.

तुलनेचं औषध निवडताना चलाखी नको. स्क्लेरोशियमवर कार्बेन्डॅझिम फारसं चालत नाही हे रोगशास्त्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याला हरवून "आमचं नॅनो सरस" म्हणालात तर परीक्षक हसतील. टेब्युकोनॅझोल किंवा हेक्झाकोनॅझोल घ्या. तांब्यावर काम असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के लिटरला अडीच ग्रॅम म्हणजे १२५० पीपीएम तांबं, हे ध्यानात ठेवून तुलना धातूच्या वजनावर करा.

आठ गटांना प्रत्येकी तीन प्लेट घेतल्या तरी संख्याशास्त्रीय विश्लेषणात त्रुटीचे स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) १६ येतात, १२ च्या वर आहेत म्हणजे चालतं. चार घेतल्यात तर एखादी खराब झाल्यावर रडावं लागत नाही. टक्केवारीला आर्कसाइन रूपांतर करून मग विश्लेषण. हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ओपीस्टॅट हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे.

वाचन कंट्रोलची प्लेट भरली त्याच दिवशी. उशीर झाला की मागे पडलेल्या प्लेटही गाठतात आणि फरक पुसला जातो. गौरी-गणपतीच्या सुट्टीच्या तोंडावर चकत्या लावून गावी जाणारे दरवर्षी असतात. परत येऊन बघतात तर इनक्युबेटरमध्ये सगळ्या प्लेट एकसारख्या पांढऱ्या.

शेवटी, जिथे वाढ शून्य दिसली तिथली चकती उचलून ताज्या पीडीएवर ठेवा. पुन्हा वाढली तर बुरशी नुसती थांबली होती, मेली नव्हती.

पायरी ८ : प्लेटच्या बाहेर, आणि शेतकऱ्याला काय सांगायचं

प्लेटमध्ये ९० टक्के रोध आला म्हणून शेतात येईलच असं नाही. पानावर पाऊस आहे, ऊन आहे, मेणाचा थर आहे. मातीत तर क्षार आणि सेंद्रिय पदार्थ कणांना बांधून टाकतात. आधी कुंडीत, रोग नसलेल्या रोपावर फवारून पान करपतं का ते बघा, मग रोग टोचून.

ट्रायकोडर्मा या रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या मित्रबुरशीची प्लेट मात्र पहिल्या फेरीतच लावा. आल्याच्या बेण्याला, उसाच्या लागणीला लोक ट्रायकोडर्मा वापरतात. चांदीला मित्रबुरशी कळत नाही. ज्या मात्रेत रोगाची बुरशी थांबते त्याच मात्रेत ट्रायकोडर्मा मरत असेल तर मातीत ओतण्याची शिफारस तिथेच संपली. रायझोबियम या मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूचंही तसंच बघा, भुईमूग-सोयाबीनच्या गाठी त्यावरच आहेत. धातू गुळात किंवा शेंगेत उतरतो का हा प्रश्नही विचारला जाणार, तयारीत राहा.

आता कायदा. बुरशीनाशकही १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात येतं आणि केंद्रीय नोंदणी समितीच्या नोंदणीशिवाय ते विकता येत नाही. नॅनो युरियाला २०२१ मध्ये मान्यता मिळाली ती खत नियंत्रण आदेशाखाली; त्याचा दाखला देऊन नॅनो चांदी खपवणं चुकीचं. शेतीतल्या नॅनो उत्पादनांची तपासणी कशी व्हावी याची मार्गदर्शक तत्त्वं जैवतंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये काढली आहेत, ती एकदा वाचाच. विद्यार्थ्यानं नमुना दिलेल्या काकांना प्रेमापोटी बाटली देऊ नये. ते विश्वासानं अख्ख्या प्लॉटवर मारतील.

शेतकऱ्यांनी बाटली हातात घेतल्यावर एवढंच बघावं: नोंदणी क्रमांक आहे का, विषाच्या तीव्रतेचा रंगीत चौकोन आहे का, घटक टक्क्यांत लिहिलेत का, कोणत्या पिकाच्या कोणत्या रोगावर आहे ते लिहिलंय का, आणि पक्कं बिल मिळतंय का. "सर्व पिकांसाठी, सर्व रोगांवर, शंभर टक्के सेंद्रिय नॅनो सिल्व्हर" असं असेल तर ठेवून द्या. शंका असेल तर शेंडा पार्कच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात बाटलीचा फोटो दाखवा.

पायरी ९ : आवराआवर

चांदीचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका. एका झाकणाच्या डब्यात साठवा, त्यात मीठ घाला, चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन तळाशी बसेल. गाळ वाळवून चिठ्ठी लावून विभागाकडे द्या, चांदी आहे ती, कुणीतरी परत मिळवेल. प्लेट उघडून धुवायच्या आधी ऑटोक्लेव्ह करा. टोचून वाढवलेलं स्क्लेरोशियम विभागाच्या मागच्या बागेत गेलं तर त्याचे मोहरीएवढे गोळे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कोरडी नॅनो पूड हाताळताना एन-९५ मास्क लावा, पंखा बंद ठेवा, तराजू ओल्या टिपकागदानं पुसा. कल्चरच्या दोन तिरक्या नळ्या फ्रिजमध्ये ठेवून त्यांवर नाव, गाव आणि तारीख पेन्सिलीनं लिहा, पेनची शाई ओलीनं पसरते.